योरेतच्या कोळणीचा पाय

दक्षिणेचा वारा पहाटेच सुटला होता. हा वारा आला की परदेशातल्या या लोअर हट गावात पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो, आणि रस्त्यात छत्री उघडणारा माणूस गावात नवा आहे हे लांबूनच ओळखू येतं. स्नेहलता इथं चार वर्षं जुनी होती. तिनं रेनकोटची टोपी हनुवटीखाली घट्ट बांधली, पिशवी पोटाशी धरली आणि पावणेसातला वृद्धाश्रमाच्या मागच्या दारात बूट आपटून ती आत शिरली.

२०१६ सालचा ऑक्टोबर. गुरुवार. दिवाळी तीन दिवसांवर आलेली. पण सकाळचं काम दिवाळीला विचारत नाही. अकरा नंबरच्या आजोबांना उठवून त्यांची दाढी करायची. बारा नंबरच्या बाईंचे पाय सुजलेले, त्यांना ते घट्ट मोजे चढवायचे. तेरा नंबरच्यांना लापशी भरवायची, आणि त्या ती फुर्रकन उडवतात म्हणून एप्रन उलटा घालायचा. चौदा नंबर ती मुद्दाम शेवटी ठेवायची. तिथं वेळ लागायचा, आणि तो वेळ तिला आवडायचा.

चौदा नंबरमध्ये नेउसबाई राहायच्या. वय अठ्ठ्याहत्तर, अंगानं चिमणीएवढ्या, आवाज मात्र लिलाव पुकारणाऱ्या मासळीवालीचा. त्या स्पेनमधल्या योरेत दे मार या समुद्रकाठच्या गावच्या. तरुणपणी तिथल्या हॉटेलात खोल्या आवरायच्या. लोअर हटच्या रेल्वे वर्कशॉपचा लेस नावाचा फिटर सुट्टी काढून जग बघायला निघाला होता, तो तिथं उतरला. चादर बदलायला आलेल्या मुलीच्या प्रेमात पडला आणि तिला घेऊन इकडे आला. लेस जाऊन सात वर्षं झाली होती. नेउसबाईंच्या डोळ्यांचा मधला भाग आता गेला होता. समोरचा माणूस धुक्यात असायचा, कडेचं तेवढं दिसायचं.

"आलीस का, नेना?" त्या स्नेहलताला नेना म्हणायच्या. त्यांच्याकडे पोरीला असंच म्हणतात.

"आले, आजी. वारा बघितलात का बाहेर?"

"बघू कशानं? ऐकला. आण आधी माझ्या बाईला."

बाई म्हणजे खिडकीतली वीतभर उंचीची पितळी मूर्ती. योरेतच्या किनाऱ्यावर, वाळू संपते तिथल्या खडकावर कोळणीचा मोठा पुतळा आहे. एक हात वर करून ती समुद्रात गेलेल्या होडीला निरोप देत उभी आहे. तिचा पाय धरायचा, ती बघते तिकडे क्षितिजाकडे बघायचं आणि मनातलं मागायचं. मिळतं, असं तिथले लोक म्हणतात. त्या पुतळ्याची ही धाकटी बहीण लेसनं एका दुकानातून घेतली होती. रोज सकाळी चहाच्या आधी नवरा-बायको दोघंही तिचा पाय चोळायचे. लेस गेल्यावर त्या एकट्या. सगळी मिळून जवळजवळ पन्नास वर्षं. मूर्ती काळी पडून कोळशासारखी झाली होती आणि त्या काळ्यात एकच पाऊल सोन्यासारखं लखलखत होतं. नेउसबाईंना डोळ्यांच्या कडेनं तेवढा ठिपका दिसायचा. त्या ठिपक्यावर त्यांचं बोट बरोबर जायचं.

मग त्या खिडकीबाहेर बघायच्या. बाहेर कार पार्क होता.

"क्षितिज कुठाय, आजी?" स्नेहलता चिडवायची.

"त्या पांढऱ्या व्हॅनच्या मागे. तू कुठली समुद्राची गं, तुला एवढं कळत नाही?"

स्नेहलता देवगडची. तिचे वडील आयुष्यभर होडीवर. म्हणून नेउसबाईंच्या गोष्टी तिला परक्या वाटायच्या नाहीत. योरेतच्या देवळाचे घुमट रंगीत फरशांचे, ऊन पडलं की ताज्या मासळीच्या खवल्यांसारखे चमकणारे. चोवीस जुलैला तिथले लोक सांता क्रिस्तिनाला होडीत बसवून पाण्यावरून तिच्या देवळात नेतात. मग कोळ्यांच्या होड्यांची शर्यत लागते, आणि जिचं नाक आधी वाळूत घुसेल ती जिंकली. एक नाच तर असा की त्यात पोरी हातातली अत्तराची काचेची झारी जमिनीवर आपटून फोडतात.

"का फोडतात?"

"एका श्रीमंत परक्या माणसानं ती एका पोरीला भेट दिली. तिला तो नको होता. तिनं झारी त्याच्यासमोरच फोडली." नेउसबाई हसायच्या. "आम्ही बायका अशाच. आणि तो खडकावरचा किल्ला पाहून टुरिस्ट आऽऽ करतात ना, तो किल्लाबिल्ला काही नाही. एका पैसेवाल्याचं घर. माझ्याच वयाचं असेल."

त्या गुरुवारी दहाला नेउसबाईंची मुलगी केट आली आणि आईला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. खोली रिकामी झाली. स्नेहलतानं चादर बदलली, उशांना अभ्रे चढवले. खिडकीतल्या काळ्या मूर्तीवर तिची नजर गेली. पिशवीत एक डबी होती. आदल्या रात्री घरातले देव घासून उरलेली चिंच, त्यात मीठ आणि थोडी पितांबरी. ही डबी ती स्टाफरूमच्या नळाशी आपलं कडं घासायला घेऊन आली होती.

देवगडला दिवाळीच्या आधी घरातलं तांब्या-पितळेचं एकही भांडं काळं राहत नसे. काळा देव म्हणजे घरातल्या बाईचा आळस. आजीबाईंना काय आनंद होईल, तिला वाटलं. तिनं मूर्ती मोरीत नेली. न्हाणीघराच्या त्या छोट्या बेसिनमध्ये तिनं चिंचेचा गोळा कोळणीच्या पदरात, वर केलेल्या हाताच्या बोटांत, डोळ्यांच्या खाचांत दाबून दाबून चोळला. काळं पाणी वाहत गेलं. दहा मिनिटांत मूर्ती अशी निघाली की जणू आत्ताच साच्यातून काढली. तिनं ती पुसून खिडकीत ठेवली आणि स्वतःशीच हसत तेरा नंबरकडे गेली. तीनला तिची शिफ्ट संपली. नेउसबाई तोवर आल्या नव्हत्या.

शुक्रवारी सकाळी ती चौदा नंबरला आधी गेली, कौतुक ऐकायला.

खोलीत केट उभी होती. मॅनेजरबाई उभ्या होत्या. नेउसबाई खुर्चीत तोंड भिंतीकडे करून बसल्या होत्या.

"ही आईची नाहीच," केट म्हणत होती. "कुणीतरी खरी उचलली आणि दुकानातली नवी आणून ठेवली. काल संध्याकाळपासून आईनं हातसुद्धा लावला नाही."

"माझी काळी होती," नेउसबाई भिंतीला म्हणाल्या. "ही कोण परकी बाई आहे? पाय दिसत नाही तिचा."

स्नेहलतानं मूर्तीकडे पाहिलं. तोवर तिला सुचलंच नव्हतं. पायाची चमक दिसायची ती बाकीची मूर्ती काळी होती म्हणून. आता अख्खी मूर्तीच चमकत होती. पाय तिच्यात बुडून गेला होता.

"काल खोलीत कोण कोण आलं होतं?" मॅनेजरबाईंनी वहीत पाहिलं. "सफाईला लिगाया, बारा वाजता. आणि सकाळी तू."

बोलायची वेळ तीच होती. एवढंच म्हणायचं होतं, मी घासली, आमच्याकडे दिवाळीत घासतात. पण केटचा चेहरा लाल झालेला, आणि तिनं मोबाइल हातात घेऊन म्हटलं, "मी पोलिसात तक्रार देऊ का?" पोलिस हा शब्द ऐकल्यावर स्नेहलताच्या आतली दोन वर्षांपूर्वीची स्नेहलता जागी झाली. तीच, जी स्टुडंट व्हिसावर असताना दारावर कुणी टकटक केलं तरी आधी पासपोर्ट चाचपायची. रेसिडेन्सी, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळून वर्ष झालं होतं, तरी ती भीती काही गेली नव्हती. आणि आश्रमातल्या माणसांच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा तिथला पहिला नियम होता.

"मी... मी फक्त चादर बदलली," ती म्हणाली.

आणि ते वाक्य खोलीत तसंच राहिलं.

लिगाया फिलिपिन्सची. सफाईचं काम करायची, वर्क व्हिसावर. व्हिसा डिसेंबरात संपणार होता, पुढच्या अर्जासाठी मॅनेजरबाईंचं पत्र लागणार होतं, हे सगळ्या स्टाफला माहीत होतं. लिगायाचा त्या पत्राच्या आशेवर स्टाफरूममध्ये केकही कापून झाला होता. दुपारी कळलं की तिला खोल्यांवरून काढून लाँड्रीत पाठवलंय. मॅनेजरबाई म्हणाल्या होत्या, "सोमवारपर्यंत हे निस्तरलं नाही तर मी काही सही करणार नाही."

शनिवारी स्नेहलतानं लिगायाला फराळाचा डबा नेऊन दिला. करंज्या, चकल्या, वर चार बेसनाचे लाडू. लिगाया गरम टॉवेलांच्या ढिगाआडून बघत होती.

"दिवाळी आहे ना," स्नेहलता म्हणाली.

"थँक्यू, स्ने," लिगाया म्हणाली आणि डबा कपाटावर ठेवला. एरवी ती तिथल्या तिथं झाकण उघडून नाक घालायची.

रविवारी लक्ष्मीपूजन. स्नेहलताच्या फ्लॅटमध्ये ओट्यावर चौरंग मांडला, त्यावर घासलेले देव. लंगडा बाळकृष्ण, अन्नपूर्णा, समई. सगळे लखलखत होते. दरवर्षी तिला ते बघून बरं वाटायचं. या वर्षी समईची वात लावताना तिला स्वतःचं तोंड समईच्या पोटात वाकडंतिकडं दिसलं आणि ती बाजूला सरकली. देवगडला आईला, मंदाला, व्हिडिओ कॉल लावला.

"काय गो, तोंड कित्याक पाडलंस?" मंदानं पहिलंच विचारलं. मागं कुणीतरी फटाक्याला शिव्या घालत होतं.

स्नेहलतानं सगळं सांगितलं. मंदा ऐकत होती आणि मधेच पदरानं मोबाइलची काच पुसत होती, लेकीच्या डोळ्यांतलं पाणी काचेवर आहे असं वाटून.

"देवाक घासलंस, ह्यात पाप कसला?" शेवटी ती म्हणाली. "घासूक जमता म्हणान घासलंस. पण आपलो डाग दुसऱ्याच्या लुगड्याक पुसलंस, ता काय बरा केलंस नाय."

"माका भीती वाटली गो."

"तुका वाटली. तिका वाटत नसात?" मंदा थांबली. "आणि ह्या माका कित्याक सांगतंस? मी काय थंय सही करतलंय?"

फोन ठेवल्यावर स्नेहलतानं लाडवाला हात लावला आणि तो परत ताटात ठेवला.

सोमवारी वारा पडला होता. हटची टेकडी स्वच्छ, आकाश धुतलेलं, आणि अशा दिवशी कुणालाही वाईट बातमी सांगावीशी वाटत नाही. स्नेहलता अकरा, बारा, तेरा, सगळे टाकून थेट चौदा नंबरला गेली. नेउसबाई उठून बसल्या होत्या. मूर्ती खिडकीतच होती, तिच्यावर कुणीतरी रुमाल टाकला होता.

"आजी, मी घासली ती," स्नेहलता दारातूनच म्हणाली, कारण आत गेली असती तर तिचा आवाज गेला असता. "चिंचेनं. गुरुवारी, तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा. आमच्याकडे दिवाळीत देव घासतात. मला वाटलं तुम्हाला आवडेल. चोरली नाही कुणी. ही तुमचीच आहे."

नेउसबाईंनी मान वळवली. ती नजर तिच्या खांद्यापाशी कुठंतरी टेकली, कारण त्यांना तिचा चेहरा डोळ्यांच्या कडेनंच दिसायचा.

"माझी काळी होती."

"मीच काढलं काळं." ती जवळ गेली, रुमाल काढला, मूर्ती त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांचा हात धरला. त्यांनी तो ओढून घेतला. तिनं परत धरला. "एकदा बघा फक्त. पाय."

तिनं त्यांचं बोट कोळणीच्या पावलावर नेलं. बाकी सगळीकडे ओतकामाच्या बारीक रेषा होत्या, पदराच्या चुण्या, पायाखालच्या खडकाचे खवले. पावलाला काहीच नव्हतं. बोटं विरघळून एक झालेली, अंगठ्याच्या जागी सपाट खळगा. पन्नास वर्षांत दोन माणसांनी चोळून चोळून केलेला. नेउसबाईंचं बोट त्या खळग्यात शिरलं आणि तिथंच थांबलं.

बाहेर पांढरी व्हॅन रिव्हर्स घेत पीं-पीं करत होती.

"लेसचं बोट जाडं होतं," नेउसबाई म्हणाल्या. "खळगा त्याचा आहे. माझ्या बोटानं एवढं झालं नसतं." मग जरा वेळानं, "परत काळी व्हायला किती दिवस लागतील?"

स्नेहलता म्हणू शकली असती, लवकर होईल. "वर्षं लागतील, आजी."

"माझ्याकडे नाहीत." डेअरीतलं दूध संपलंय असं सांगावं तशा त्या म्हणाल्या. मग त्यांनी मूर्ती उचलून बाजूला ठेवली आणि आवाज चढवला. "आणि चार दिवस तू काय करत होतीस? मी त्या पोरीला चोर म्हणत होते. मी! चाळीस खोल्या आवरल्यात मी रोज. पाहुण्याची अंगठी हरवली की आधी आमचीच पिशवी उपडी करायचे, तिथं, सगळ्यांच्या समोर. आणि ती अंगठी सापडायची त्यांच्याच चपलेत. तुझ्यामुळं मी त्यांच्यातली झाले."

स्नेहलताला शिव्या चालल्या असत्या. हे तिला चाललं नाही. ती बाहीनं डोळे पुसू लागली.

"रडू नकोस इथं. केटला मी फोन करते. मॅनेजरकडे तू जा. पण आधी त्या पोरीकडे."

लाँड्रीत ड्रायर गरगरत होते. लिगाया चादरी घडी करत होती. स्नेहलतानं दुसरी दोन टोकं धरली, सवयीनं, आणि चादर ओढून धरल्यावर सांगितलं. लिगायानं घडी पूर्ण केली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय?"

"गुरुवारी बेसिनच्या जाळीत चिंचेचे धागे होते. वास येत होता. आम्ही माशाच्या आंबट सारात घालतो चिंच, मला वास कळणार नाही?" ती पुढची चादर काढत राहिली. "मीच साफ केलं ते. मला वाटलं, स्नेनं काही धुतलं असेल, जाळी तुंबायला नको."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"कुणाला? मॅनेजरला? की चोर मी नाही, ती आहे?" लिगाया पहिल्यांदाच तिच्याकडे वळली. "व्हिसावरच्या माणसानं बोट दाखवलं की आधी त्याचंच बोट बघतात. तू रेसिडेंट आहेस. मी म्हटलं, स्ने आज सांगेल. शुक्रवारी म्हटलं. शनिवारी तू डबा घेऊन आलीस, तेव्हा म्हटलं, आता सांगेल."

ती कपाटाकडे गेली आणि डबा घेऊन आली. झाकण उघडलेलं नव्हतं. स्नेहलतानं चिकटवलेली पट्टीही तशीच.

"हा तुझा डबा."

स्नेहलतानं तो घेतला. "सॉरी" हा शब्द त्या देशात माणसं बसमध्ये धक्का लागला तरी दिवसातून दहा वेळा म्हणतात. तिनं तो म्हटला. तिला तो फारच हलका वाटला. लिगायानं ड्रायरचं दार उघडलं आणि गरम वाफेत तोंड घातलं.

मॅनेजरबाईंनी सगळं लिहून घेतलं. स्नेहलताच्या फाइलला लेखी ताकीद लागली. आश्रमातल्या बाईंच्या वस्तूला परवानगीशिवाय हात लावला आणि विचारल्यावर खोटं सांगितलं, अशी दोन वाक्यं. तिनं सही केली. लिगायाच्या पत्रावर त्याच दुपारी सही झाली. केट स्वतः लाँड्रीत जाऊन आली. दोघींत काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. मंगळवारपासून लिगाया परत खोल्यांवर होती.

पण जेवणाच्या सुट्टीत ती आता दुसऱ्या टेबलावर बसते. तिचा भाताचा डबा आणि स्नेहलताचा पोळीचा, दोघींची अदलाबदल व्हायची, ती बंद झाली. ती चिडलेली दिसत नाही. "मॉर्निंग, स्ने," म्हणते. काही विचारलं तर "स्वीट ॲज," म्हणते, म्हणजे इथल्या बोलीत सगळं ठीक. तेवढंच.

पुढच्या आठवड्यात एकदा चौदा नंबरमध्ये दोघी एकदमच आल्या. स्नेहलता नेउसबाईंचे केस विंचरत होती. लिगायानं फरशी पुसली, कपाटाचं वरचं पुसलं, टीव्ही पुसला. खिडकीपाशी आली आणि फडकं खांद्यावर टाकून थांबली.

"त्या बाईला मी हात लावणार नाही," ती म्हणाली. नेउसबाईंना म्हणाली, स्नेहलताला नाही. "यापुढं कधीच. ते काम माझ्याकडे नको."

"बरोबर आहे तुझं," नेउसबाई म्हणाल्या. "ते काम आता नेनाचं."

लिगाया बादली घेऊन निघाली. दारात चाक अडकलं. स्नेहलता पुढं झाली, तोवर तिनं ते लाथेनं सोडवलं होतं.

नेउसबाईंनी हात पुढं केला. स्नेहलतानं मूर्ती आणून दिली. आता ठिपका नव्हता. त्यांचं बोट आधी कोळणीच्या कमरेला लागलं, मग पदराला, मग खडकाला, आणि चाचपत चाचपत खळग्यात गेलं. स्नेहलतानं मदत केली नाही, कारण त्यांनी मागितली नव्हती. त्या पांढऱ्या व्हॅनच्या दिशेनं बघत राहिल्या. काय मागितलं ते त्या कधी सांगत नसत.

"घे. धूळ बसलीय तिच्यावर."

स्नेहलतानं खिशातून कोरडं फडकं काढलं. पाणी नाही, पावडर नाही. आधी वर केलेला हात पुसला, मग चेहरा, मग पदराच्या चुण्या. पायाला फडकं लावलं नाही. मूर्ती खिडकीत ठेवली, तोंड कार पार्ककडे करून, आणि ती तेरा नंबरची लापशी गरम करायला गेली.